पोर्टलंडहून पत्र: ट्रॉयचं कॉमिक आणि तुझे बारा अंक

पोर्टलंड, ऑरेगन
रविवार, रात्री

चि. सोन्यास आत्याचे अनेक आशीर्वाद. ती. दादांना आणि सौ. वहिनीला नमस्कार.

तुझी सोळा नमुना पानं आणि योजनेचा कागद मिळाला. जरासंध हा विषय फार चांगला निवडलास. पण बारा अंक, दर महिन्याला एक, अंकाला एकवीस पानं, आणि लिहिणं, चित्रं, शाई, अक्षरं सगळं तुझं एकट्याचं, हे वाचून मी थांबले. अशा एकट्याच्या कामाचं एक मोठं उदाहरण म्हणजे एरिक शॅनॉवरचं 'एज ऑफ ब्राँझ', ट्रॉयच्या युद्धावरचं कॉमिक. ते इमेज कॉमिक्स छापतं, आणि इमेजचं ऑफिस काही वर्षांपूर्वी बर्कलीहून इथे पोर्टलंडलाच आलं. ते कॉमिक कसं निघालं, कुठे अडलं आणि कशामुळे टिकलं, हे तुला सविस्तर लिहिते. त्यातून तुझ्या योजनेत काय बदलायला हवं तेही सांगते.

शॅनॉवरला ही कल्पना 1991 मध्ये सुचली, बार्बरा टकमन यांचं इतिहासाचं पुस्तक कॅसेटवर ऐकताना. पहिला अंक आला नोव्हेंबर 1998 मध्ये. मधली सात वर्षं वाचन आणि आराखडा. होमरच्या इलियडमध्ये दहा वर्षांच्या युद्धातले जेमतेम काही आठवडे येतात, लाकडी घोडा तर त्यात नाहीच. बाकीची कथा ग्रीक नाटकांत, रोमन कवींत, मध्ययुगातल्या प्रेमकथांत विखुरलेली, आणि एकमेकींशी न जुळणारी. त्याने ठरवलं की हे सगळे धागे एकाच कथेत ओवायचे आणि प्रसंग घडवायचे ते इसवी सनापूर्वी तेराव्या शतकातल्या, म्हणजे खऱ्या ब्राँझयुगातल्या जगात. एकूण सात पुस्तकं होतील असा अंदाज बांधला.

त्याचा एक निर्णय मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्याने देवांना रंगमंचावर येऊच दिलं नाही. देव दिसतात ते स्वप्नात, भासात, पुजाऱ्याच्या बोलण्यात. पुढे ट्रॉयचा राजपुत्र निघणारा गुराखी पॅरिस डोंगरावर गुरं राखतो आणि त्याचा बैल राजाची माणसं घेऊन जातात, इथून कथा सुरू होते. माणसांचे हट्ट आणि शपथा एवढ्यावरच युद्ध उभं राहतं. दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटी ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन जहाजांना वारा मिळावा म्हणून पोटच्या मुलीचा बळी द्यायला उभा राहतो, तेव्हा वाचणाऱ्याला देवाच्या अंगावर दोष टाकून सुटता येत नाही. तुझ्याकडे हाच प्रश्न जरा राक्षसीचा आहे. जन्मलेल्या जरासंधाची दोन शकलं तिने जोडली आणि बाळ रडलं, हे तू डोळ्यांसमोर घडताना दाखवणार की कुणाच्या तोंडून सांगणार? पहिलं पान काढायच्या आधी हे ठरव, कारण तोच नियम शेवटच्या पानापर्यंत पाळावा लागेल.

चित्रांसाठी त्याने उत्खननं आधार मानली. ट्रॉयची माणसं हित्ती (आजच्या तुर्कस्तानातल्या प्राचीन राज्याच्या) वळणाची, ग्रीक माणसं मायसीनी या ब्राँझयुगातल्या ग्रीक नगराच्या भित्तिचित्रांसारखी. पांढऱ्याशुभ्र संगमरवरी देवळांचं ग्रीस त्याच्या पुढे सात-आठशे वर्षांनी आलं, म्हणून ते इथे नाही. खांब बघशील तर वर जाड आणि खाली निमुळते, मायसीनीच्या सिंहद्वारावर कोरलाय तसे. शिरस्त्राण रानडुकराच्या सुळ्यांचं: सुळे उभे चिरून, चामड्याच्या टोपीवर ओळींनी शिवलेले, आणि एका ओळीत सुळ्यांचा बाक डावीकडे तर वरच्या ओळीत उजवीकडे. ही अदलाबदल चुकली की शिरस्त्राण माशाच्या खवल्यांसारखं दिसतं. तुझ्या मगधात नमुना पान सातवर लोखंडी पिंजरा आणि मुघली कमान दिसते. ती काढून टाक. लाकडी कठडे, गवताची नाहीतर लाकडी छपरं, घोड्याच्या नालासारखी कमान, यासाठी सांचीच्या तोरणांवरची नगरं नीट बघ. ती महाभारताच्या काळातली नव्हेत, पण दगडात उतरलेली जुनी लाकडी नगरं आपल्याकडे तीच आहेत.

आता छपाई आणि पैसा.

इमेज 1992 मध्ये चित्रकारांनीच काढली. तिथली पद्धत अशी की कथेचे हक्क लेखक-चित्रकाराकडेच राहतात. कंपनी छपाईचा खर्च आधी करते, विक्रीतून तो खर्च आणि स्वतःची ठरावीक फी वळती करून घेते, उरलेलं सगळं कलाकाराचं. ऐकायला उत्तम आहे, पण उरलं नाही तर काहीच मिळत नाही, पानामागे मेहनताना नसतो. हिशेब बघ. तीन डॉलरच्या अंकावर वितरक साधारण साठ टक्के सूट घेतो, म्हणजे प्रकाशकाच्या हातात येतात एक डॉलर वीस सेंट. त्यातून छपाई, त्यातून फी. तीन हजार प्रती गेल्या तरी गल्ला छत्तीसशे डॉलर, आणि त्यामागे एका माणसाचे दोन-तीन महिने.

शिवाय कॉमिकची दुकानं मागणी दोन-तीन महिने आधी नोंदवतात आणि उरलेल्या प्रती परत करत नाहीत. त्यामुळे दुसऱ्या अंकाची मागणी पहिला अंक विकला गेला की नाही हे कळायच्या आत नोंदवली जाते, आणि दुकानदार भीतीने आकडा कमी करतो. तिसऱ्याला आणखी कमी. अंक उशिरा आला तर तो परत घ्यावा लागतो, आणि गिऱ्हाईक विसरतं ते वेगळंच. 1997 नंतर बरीच वर्षं या दुकानांना माल पुरवणारा मोठा वितरक एकच उरला होता, डायमंड, आणि जानेवारी 2025 मध्ये त्यानेही दिवाळखोरीचा अर्ज केला. एकाच वितरकावर सगळा भार टाकू नये, हे लहान प्रकाशकांना तेव्हा पुन्हा भोगावं लागलं.

शॅनॉवरचा वेग बघ. 1 ते 9 अंकांचं पहिलं पुस्तक 2001 मध्ये, 10 ते 19 चं दुसरं 2004 मध्ये. तिसरं इतकं वाढलं की दोन भाग करावे लागले, त्यातला दुसरा भाग 2013 मध्ये आला. वर्षाला तीन-चार अंकांनी सुरुवात झाली आणि पुढे तेही कमी होत गेले. 2001 आणि 2003 अशी दोन वर्षं त्याला सर्वोत्तम लेखक-चित्रकार म्हणून आयझ्नर, म्हणजे अमेरिकन कॉमिक्समधला मानाचा पुरस्कार मिळाला, तरी अंकाची विक्री घर चालवण्याइतकी होत नव्हती. मग मार्व्हलसाठी त्याने 'विझर्ड ऑफ ओझ'च्या गोष्टींची कॉमिक लिहिली, चित्रं स्कॉटी यंगची. ती कामं नियमित पैसे देणारी होती आणि उत्तम झाली, पण ट्रॉयची पानं मागे पडली. आजही सातपैकी तीनच पुस्तकं पूर्ण आहेत.

आपल्याकडचं उदाहरण घे. अमर चित्रकथेचं महाभारत 42 भागांचं, चित्रं दिलीप कदमांची. ते नेमाने निघालं, कारण लिहिणारे वेगळे, संपादक वेगळे, छापणं-विकणं वेगळ्यांकडे. एकट्याने महिन्याला एक अंक हे गणित क्वचितच बसतं. तू तीन महिन्यांना एक अंक धर, आणि पहिले तीन अंक पूर्ण हातात असल्याशिवाय पहिला जाहीर करू नकोस.

मग 'एज ऑफ ब्राँझ' टिकलं कशावर? जाड पुस्तकावर. सुटे अंक संपले की संपले, पण पुस्तक पुन्हा छापता येतं, वाचनालयात जातं, ग्रीक साहित्य शिकवणाऱ्यांच्या हाती पडतं. त्यात त्याने नावांच्या उच्चारांची सूची, वंशावळी आणि वाचलेल्या ग्रंथांची यादी दिली, म्हणून शिक्षकांना ते जवळचं वाटतं. तूही मगध, मथुरा आणि चेदीच्या वंशावळी शेवटी दे. जरासंधाच्या दोन मुली कंसाला दिल्या होत्या, हे वाचकाला चटकन सापडलं पाहिजे.

म्हणून प्रत्येक पान काढताना अंकाचा नाही, पुस्तकाचा विचार कर. इथेच तुझ्या योजनेत खरी चूक आहे, ती नीट समजावून घे. अंकाला एकवीस पानं म्हणजे विषम संख्या. पहिला अंक उजव्या पानावर सुरू होऊन उजव्यावरच संपतो. पुस्तक करताना जाहिराती आणि पत्रांची पानं गाळलीस की दुसरा अंक डाव्या पानावर सुरू होईल, आणि त्यातली सगळी पानं उलट बाजूला जातील. पान उलटल्यावर दिसायचा धक्का आधीच समोर दिसेल. आणि भीम जरासंधाला उभा चिरतो ते तुझं दुहेरी पान! दोन पानांच्या सांध्यावरच तू ती चीर धरली आहेस, फार सुंदर कल्पना आहे. पण पानं एका जागेने सरकली तर डावं अर्धं एका पानावर आणि उजवं अर्धं त्याच्या पाठीमागे छापलं जाईल. तेव्हा अंकाला वीस किंवा बावीस पानं ठेव, आणि दुहेरी चित्र नेहमी सम आकड्याच्या पानावरच सुरू कर. नाइलाज झाला तर प्रकरणाच्या सुरुवातीला एक कोरं किंवा नावाचं पान घालून तोल साधता येतो.

बांधणीही लक्षात घे. पिन मारलेला अंक सपाट उघडतो. चिकटवून बांधलेलं 224 पानांचं, म्हणजे सोळा पानी चौदा फर्म्यांचं (दुमडलेल्या छापील कागदांचं) पुस्तक सपाट उघडत नाही, आतल्या बाजूची दोन्ही पानं मिळून दहा-बारा मिलिमीटर जागा गिळतं. संवादाचे फुगे आणि चेहरे तिथून दूर ठेव. चिरीच्या चित्रात दोन्ही अर्धी सांध्यापासून प्रत्येकी सहा मिलिमीटर बाहेर सरकवून दे, म्हणजे पुस्तकात ती जुळलेली दिसतील. त्या पानासाठी मुद्रकाकडून शिवलेल्या बांधणीचाही भाव घे.

आकार अमेरिकन घेऊ नकोस. इथला अंक साडेसहाहून थोडा रुंद आणि सव्वादहा इंच उंच असतो, आपल्याकडच्या कागदाला तो वाया घालवतो. 20×30 इंची कागदावर दोन्ही बाजू मिळून क्राउन पाव आकाराची सोळा पानं बसतात, कापून सव्वासात बाय साडेनऊ. मूळ चित्र त्याच्या दीडपट काढ, म्हणजे 10⅞ × 14¼ इंच. तू 11×17 च्या कागदावर काढतो आहेस, त्याचं प्रमाण वेगळं आहे. छापताना दोन्ही बाजूंना रुंद पांढरे पट्टे राहतील.

शॅनॉवरचं सगळं काम काळ्या रेघांचं, छाया बारीक समांतर रेघांनी भरलेली. तुझंही तसंच आहे. चित्र दोन तृतीयांश झालं की 0.2 मिलिमीटरची रेघ 0.13 होते आणि दोन रेघांमधली फटही तेवढीच आक्रसते. मॅपलिथो, म्हणजे पुस्तकांचा साधा बिनचकाकीचा कागद, शाई पितो, शाई पसरते, फट बुजते, आणि दाढीच्या जागी काळा डाग उरतो. तुझ्या पान अकरावर जरासंधाच्या दाढीचं तेच होणार आहे. फट रेघेच्या दुपटीहून कमी ठेवू नकोस. स्कॅन करताना ग्रेस्केल (करड्या छटा) नको, कारण मग प्लेटवर रेघेच्या कडा ठिपक्यांत फुटतात. निव्वळ काळं-पांढरं, मूळ आकाराला 800 डीपीआय (इंचाला ठिपके). मांडणीत दोन तृतीयांश केलंस की ते 1200 होतं. फाइल स्वतः लहान-मोठी करू नकोस, नाहीतर रेघांवर लाटांसारखी नक्षी उमटते. जेपेग तर मुळीच नको. मूळ स्कॅन दोन वेगळ्या ठिकाणी जपून ठेव.

हे जपलेलं कसं कामाला येतं बघ. 2018 पासून इमेजने हीच पुस्तकं रंगीत काढायला घेतली, रंग जॉन डॅलेअरचे. त्याआधी आयपॅडसाठीही रंगीत आवृत्ती निघाली होती. मात्र काळ्या रेघांनी छाया आधीच भरलेली असते, त्यावर पुन्हा गडद रंग चढवला तर चित्र चिखल होतं. रंग सपाट आणि हलके हवेत, आणि काळी रेघ नुसत्या काळ्या शाईची, रंगांच्या वरून छापलेली. चारही शाया मिसळून काळा केला तर कागद केसभर हलला तरी प्रत्येक रेघेला लाल-निळी किनार येते.

हक्कांबद्दल शेवटचं. तुझ्या नगरातले प्रकाशक काय मसुदा देतात तो मला पाठव, सही आधी करू नकोस. आपल्या कॉपीराइट कायद्यात, कलम 19 मध्ये, करारात मुदत लिहिली नसेल तर हक्क पाचच वर्षांसाठी दिले असं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरते. म्हणून 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण जगासाठी' हे शब्द दिसले की तिथे थांब. मराठी पुस्तक, इतर भाषा, रंगीत आवृत्ती, मोबाइल, चित्रपट, हे सगळे हक्क वेगवेगळे लिहून घे आणि त्यांना लागेल तेवढाच दे. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, आपल्याकडे फुकट मिळतो, तो स्वतःच्या नावावर काढ.

आधी एक काम कर. साधे कोरे कागद दुमडून पहिल्या दोन अंकांची डमी बनव, पानांना आकडे घाल, प्रत्येक पानावर प्रसंग एका ओळीत लिही. मग जाहिराती आणि पत्रांची पानं गाळून दोन्ही अंकांची पानं एका तिसऱ्या डमीत सलग उतरवून बघ, कुठलं दुहेरी पान तुटतं ते लगेच दिसेल. तिचे फोटो पाठव, आणि अकराव्या पानाची छोटी प्रत मॅपलिथोवर काढून तीही. वहिनीला सांग, मेतकूट पोचलं.

तुझी,
आत्या