कॉलेजचं विद्यापीठ होतं तेव्हा अनुदानाचं काय होतं? उच्च शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
माननीय उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

पत्राची सुरुवात बंगळुरूतल्या एका विद्यापीठापासून करतो आहे, पण प्रश्न तुमच्याच खात्याचा आहे. 26 सप्टेंबर 2022 रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी म्हैसूरच्या दसऱ्याचं उद्घाटन केलं. दुसऱ्या दिवशी त्या बंगळुरूत होत्या. तिथे हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये क्रायोजेनिक इंजिनं बनवण्याच्या केंद्राचं उद्घाटन झालं आणि त्याच दिवशी सेंट जोसेफ विद्यापीठाचंही. फ्रेंच मिशनऱ्यांनी 1882 साली काढलेलं, 1937 मध्ये जेझुइट या ख्रिस्ती संघाच्या फादरांकडे आलेलं हे कॉलेज. 1986 मध्ये पदव्युत्तर वर्ग सुरू झाले, 2005 मध्ये स्वायत्तता मिळाली, 2021 मध्ये कर्नाटकच्या विधिमंडळानं स्वतंत्र कायदा केला आणि 2022 मध्ये पाटी बदलली. फादर व्हिक्टर लोबो पहिले कुलगुरू झाले. सार्वजनिक-खासगी भागीदारीतलं देशातलं पहिलं विद्यापीठ असा त्याचा गाजावाजाही झाला.

पाटी बदलल्यानं नेमकं काय होतं, हे कॉलेजात आयुष्य काढलेल्या माणसाला विचारा. स्वायत्त कॉलेज अभ्यासक्रम स्वतः ठरवतं, पेपर स्वतः काढतं आणि तपासतं. पण पदवीच्या कागदावर नाव असतं ते संलग्न विद्यापीठाचं. तो कागद स्वतःच्या नावानं देता येणं, ही शेवटची पायरी. ती चढायला सेंट जोसेफला एकशे चाळीस वर्षं लागली. त्या वर्षी तिथल्या लोकांना आनंद झाला असेल तर तो रास्तच आहे.

आता मुंबईत या. धोबीतलावचं सेंट झेवियर्स कॉलेज 1869 चं, म्हणजे सेंट जोसेफपेक्षा तेरा वर्षांनी थोरलं. फादर हेरास यांनी 1926 मध्ये उभी केलेली इतिहास संशोधन संस्था तिथे आहे, ब्लॅटर यांच्या नावाचा वनस्पती-संग्रह आहे, अंध विद्यार्थ्यांसाठीचं केंद्र आहे. 2010 पासून कॉलेज स्वायत्त आहे. तिथे विद्यापीठाचा प्रस्ताव आहे असं मी म्हणत नाही, आणि असला तर तो त्यांचा निर्णय. पण आपल्याकडे एल्फिन्स्टन, सिडनहॅम आणि विज्ञान संस्था यांसारखी सरकारी कॉलेजं एकत्र करून होमी भाभा राज्य विद्यापीठ झालं, के. सी., एच. आर. वगैरे खासगी कॉलेजं मिळून एचएसएनसी विद्यापीठ झालं. 2016 च्या विद्यापीठ कायद्यात समूह विद्यापीठाची, म्हणजे अनेक कॉलेजं मिळून एक विद्यापीठ होण्याची वाट आहे, 2023 च्या कायद्यात स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे स्वतःच्या पैशावर चालणाऱ्या विद्यापीठाची. उद्या एखादं जुनं, अनुदानित, अल्पसंख्याक संस्थेचं कॉलेज एकट्याच्या बळावर विद्यापीठ व्हायला निघालं, तर त्यानं कोणती वाट धरायची?

दुसरी वाट धरली तर अनुदानाचं दार बंद होतं, ते ‘स्वयंअर्थसहाय्यित’ या शब्दातच आहे. अनुदान म्हणजे शिक्षकांचा पगार, आणि पगार म्हणजे पर्यायानं विद्यार्थ्यांची फी. बी.ए.च्या अनुदानित तुकडीची फी आणि त्याच इमारतीत, त्याच मजल्यावर चालणाऱ्या सेल्फ फायनान्स कोर्सची फी, या दोन पावत्या एकदा शेजारी ठेवून बघा. गिरगावातल्या चाळीतला, वसईतल्या वाडीतला मुलगा पहिल्या पावतीवर शिकतो, दुसरीवर नाही. शासनानं 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. चांगला निर्णय. पण त्यातून खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळली. म्हणजे संस्थेनं पाटी बदलली की मुलीचा हक्क बदलला. मुलगी तीच, वर्ग तोच, बाईही त्याच.

महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना मुलं कॉलेजच्या ऑफिसबाहेर मोबाइल घेऊन उभी असतात, हे दृश्य तुमच्या अधिकाऱ्यांनी पाहिलं असेलच. जिल्हा निवडायचा, मग कॉलेजचं नाव शोधायचं. ज्या वर्षी संस्था या रकान्यातून त्या रकान्यात जाते, त्या वर्षी दुसऱ्या वर्षातल्या मुलाच्या शिष्यवृत्तीचं नूतनीकरण कोणाच्या नावानं व्हायचं? खिडकीमागचा क्लार्क सांगणार, सहसंचालक कार्यालयाकडून पत्र आलेलं नाही.

शिक्षकांचंही तेच. मंजूर पद रिकामं झालं की भरतीची परवानगी यायला वर्षं जातात, तोवर सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर काम भागवायचं. बदलाच्या काळात ही पदं गुपचूप गळू द्यायची सोय फार मोठी असते. कोणी काढून टाकत नाही, निवृत्त झालेल्याच्या जागी कोणी येत नाही, एवढंच. मी स्वतः अनुदानित पदावरून निवृत्त झालो, त्यामुळे माझी बाजू कुठली हे उघड आहे.

कर्नाटकाकडून आणखी एक धडा घ्यावा. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांची पदवी त्यांनी सगळ्यांच्या आधी, 2021-22 मध्ये आणली. सरकार बदललं, अर्थतज्ज्ञ प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शिक्षण धोरण आयोग नेमला गेला आणि 2024 मध्ये राज्य पुन्हा तीन वर्षांवर आलं. चार की तीन, या वादात मी इथे शिरत नाही. थोरात सर आपल्या विदर्भाचे, त्यांचं म्हणणं आपल्याकडेही वाचलं जावं एवढंच म्हणतो. पण सेंट जोसेफचं नवं विद्यापीठ उभं राहतंय न राहतंय तोच आजूबाजूची चौकट दोनदा हलली. आपणही स्वायत्त कॉलेजांना 2023-24 मध्ये आणि संलग्न कॉलेजांना 2024-25 मध्ये नव्या धोरणाच्या त्याच गाडीत बसवलं आहे.

तेव्हा माझी विनंती अशी. अनुदानित कॉलेजला विद्यापीठाचा दर्जा द्यायचा असेल तर स्वतंत्र कायदा करा, आणि त्या कायद्यातच लिहा की मंजूर पदं आणि त्यांचं वेतन शासनाकडेच राहील, अनुदानित तुकड्यांची फी शासन ठरवील तीच राहील, शिष्यवृत्ती आणि फीमाफी विद्यार्थ्याच्या मागे जाईल, संस्थेच्या वर्गवारीमागे नाही. शासन निर्णयावर हे सोडू नका, तो पुढच्या शासन निर्णयानं रद्द होतो. अल्पसंख्याक संस्थांच्या व्यवस्थापनाचा हक्क संविधानाच्या कलम 30 नं दिलेला आहे, त्याला यानं धक्का लागत नाही. ज्या संस्थेला हे मान्य नसेल तिनं खुशाल स्वयंअर्थसहाय्यित व्हावं, पण मग शासनाच्या पैशावर उभ्या राहिलेल्या पदांचा हिशेब आधी विधिमंडळात मांडला जावा.

येत्या अधिवेशनात यावर आपल्या खात्याचं धोरण काय, एवढं निवेदन केलंत तरी प्रवेशाच्या रांगेतल्या पालकांना कळेल की अर्ज कुठे भरायचा.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, मुंबई