पानं, वर्तमानपत्र आणि नववीचे चार तास

प्रिय मंदार,

तुझा नववीचा आराखडा वाचला. पहिला तास कृत्रिम बुद्धिमत्तेच्या व्याख्येला आणि दुसरा इतिहासाला दिलायस. दोन्ही काढून टाक. आधी मुलांच्या हातात चुकणारं यंत्र द्यावं, व्याख्या मागाहून त्यांच्याच तोंडून येते.

आंबा आणि अशोक, दोन्हींची 20-20 पानं घे. लांबट, हिरवी, तोरणात शेजारी शेजारी खपून जाणारी. अशोकाची कड तेवढी लाटांसारखी. पहिल्या तासाला संगणक बंदच. एका गटाने ओळखायचे नियम वहीत लिहायचे, दुसऱ्याने फक्त ते वाचून पानं वेगळी करायची. 'लांब असेल तर अशोक' असले नियम पाच मिनिटांत कोसळतात. मग उदाहरणांवरून शिकणारं यंत्र कशाला, हे वेगळं सांगावं लागत नाही.

दुसऱ्या तासाला फोटो, प्रत्येक पानाचे दोन: पुढून आणि मागून. 15 पानं शिकवायला, 5 परीक्षेसाठी लपवायची. वाटणी पानांची करायची, फोटोंची नव्हे! एकाच पानाची एक बाजू शिकवणीत आणि दुसरी परीक्षेत गेली, तर पेपर फुटलाच. आणि गुपचूप एक कर: आंब्याचे सगळे फोटो वर्तमानपत्रावर आणि अशोकाचे फरशीवर काढायला लाव.

यंत्र म्हणून गूगलचं टीचेबल मशीन पुरेसं आहे; फोटो दाखवून संगणकाला वस्तू ओळखायला शिकवायची ती वेबसाइट. त्यातलं बटण दाबून धरलं की कॅमेरा धडाधड फोटो काढतो. मुलांना ते फार आवडतं, पण ते शंभर फोटो म्हणजे एकाच पानाच्या शंभर झेरॉक्स. यंत्र त्यांतलेच 15 टक्के चाचणीला बाजूला ठेवतं, म्हणून त्याचे आकडे झकास दिसतात. भुलू नकोस. मोबाइलवरचे फोटोच चढव. शिकवणी ब्राउझरमध्येच चालते, मध्येच दुसरा टॅब उघडला तर रखडते. एवढं फळ्यावर लिहून ठेव.

खरी गंमत तिसऱ्या तासाला. लपवलेल्या पानांचा निकाल छान लागेल, वर्ग खूश होईल. मग अशोकाचं पान वर्तमानपत्रावर ठेव. बहुतेक वेळा उत्तर येतं: आंबा! यंत्राने पान पाहिलंच नाही, कागद पाहिला. कारण लगेच सांगू नकोस. नुसतं वर्तमानपत्र दाखवून बघावं, हे कुणाला सुचतं का ते बघ. मग दोन्ही पानांचे निम्मे फोटो कागदावर, निम्मे फरशीवर काढून पुन्हा शिकवा. चप्पलही दाखवू दे. दोनच नावं माहीत असलेलं यंत्र चपलेलाही त्यांतलं एक चिकटवणार, कारण प्रत्येक नावाला तो देतो त्या खात्रीच्या टक्क्यांची बेरीज त्याला 100 करावीच लागते. तिसरं नाव 'यांपैकी काही नाही' हवं, हे तिथे कळतं.

चौथ्या तासाला वहीत तक्ता: आडव्या ओळीत खरं पान, उभ्या रकान्यात यंत्राचं उत्तर. किती चुकलं यापेक्षा कशाला काय समजलं, ते लिहू दे. मुलं एकमेकांच्या चेहऱ्यांवर प्रयोग करू म्हणतील, तिथे ठाम नाही म्हण.

आणि पानं त्याच दिवशी सकाळी तोडा. रात्रभर पडलेलं आंब्याचं पान वळतं, कड उचलली जाते, आणि मग यंत्राआधी तुझा वर्गच त्याला अशोक म्हणेल.

तुझा,
सुहास