शब्दसंग्रह गट: नव्या यादीबाबत सूचना
सर्वांना नमस्कार. परीक्षेसाठीची कठीण इंग्रजी शब्दांची नवी यादी गटावर टाकली आहे. ती नुसती घोकत बसू नका. आधी लॅटिन मुळे पाहा: ‘बेने’ म्हणजे चांगले, ‘मॅल’ म्हणजे वाईट. एवढे पक्के झाले की बेनेव्होलंट, बेनिफॅक्टर, मॅलेव्होलंट, मॅलिस एका दमात पदरात पडतात. (‘मॅलेट’ मात्र साधी हातोडी, तिला उगाच वाईट ठरवू नका!)

उजळणी दुसऱ्याच दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. अर्थ झाकून आधी आठवून पाहायचा. पाठ केलेले सुरुवातीच्या काही तासांतच सर्वांत वेगाने विसरते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवले आहे.

रविवारपर्यंत प्रत्येकाने पाच शब्दांची स्वतःची वाक्ये टाकावीत. गाइडमधली उचललेली वाक्ये लगेच ओळखू येतात, ती धरली जाणार नाहीत.