बाबा, यंदा पुनवेला तुळजापूरला मी चालत जाते

आई, बाबा,

फोनवर बोलायला गेलं की बाबा "बरं बरं" म्हणून फोन आईकडं देतात आणि आई लेकरांनी काय खाल्लं तेवढंच विचारते, म्हणून लिहून पाठवतेय. दादा वाचून दाखवेल. मधलं काही गाळू नको म्हणून त्याला दम दिलाय.

तर सरळ सांगते. यंदा कोजागिरीला बाबा चालत तुळजापूरला जाणार नाहीत, मी जाणार. तुमच्यासोबत चालणाऱ्या काकांना परवाच फोन करून सांगून टाकलंय. रागावू नका बाबा. डॉक्टर काय म्हणले ते तुम्ही दोघांनी ऐकलंय, शुगरमुळं तळपायाला काही कळतच नाही, काटा रुतला तरी पत्ता लागत नाही, मागच्या पुनवेचा तो फोड भरायला दिवाळी उलटून गेली. चप्पल घालून जातो म्हणाल, पण मला माहितीय, वेस ओलांडली की चप्पल पिशवीत जाणार.

माझी काळजी करायची नाही. गल्लीतल्या बायका सोबत आहेत, ह्यांनी सुट्टी टाकलीय, लेकरं सासूबाईंकडं राहतील, रोज पहाटे चालायची सवय पण लावून घेतलीय. आणि लेकीनं बापाच्या जागी जायचं का असं पारावर कुणी म्हणलंच तर सांगा, देवी बाईच आहे, तिला चालतंय.

देवीला वाईट वाटेल हे तर मनातून काढूनच टाका. आता पितरं चालू आहेत आणि ती स्वतः मंचकावर झोपलीय ना? घटस्थापनेला उठेल, नऊ दिवस झाले की नगरकडून पलंग-पालखी येईल, दसऱ्याच्या पहाटे सीमोल्लंघन करून परत पलंगावर, ती थेट पुनवेपर्यंत. श्रमनिद्रा. आपली भवानी चल मूर्ती, म्हणून ती जागची उठून निजायला जाते, हे तुम्हीच मला खांद्यावर बसवून सांगितलेलं. महिषासुराला मारून ती दमते आणि झोपते, मग तुम्ही एक वर्ष पाय वर करून बसलात तर बिघडलं काय?

आणि मी घरात कोंडून बसा म्हणतच नाही. गावातल्या देवीचं सगळं तुम्हीच करायचं. पोरं तुळजापूरहून ज्योत घेऊन पळत येतील तेव्हा वेशीत नारळ तुमच्याच हातचा. फक्त मी पाठवलेली मऊ चप्पल देवळाच्या पायरीपर्यंत काढायची नाही, आत गेलात की पायमोजे, आणि आरतीला खुर्ची. खुर्चीवर बसून आरती म्हणली म्हणून देवी गैरहजेरी लावत नाही. माळेला तरवडाची फुलं आणायला बांधावर तुम्ही जायचं नाही, पोराला पाठवा, नाहीतर कारळ्याची आहेतच की घरामागं. सोयाबीन दादा बघेल, खळ्यावर रात्रीचं झोपायला जाऊ नका.

आई, आता तुझं. घटाच्या आधी घरातल्या सगळ्या गोधड्या तू एकटीनं नदीवर नेऊन आपटणार, मला दिसतंय. वहिनीला आणि पोरींना सोबत घे, ओली गोधडी तू उचलायची नाही म्हणजे नाही. नऊ दिवसांचा उपास नको, उठता-बसता कर, गोळ्या उपाशीपोटी घेतल्या की तुला गरगरतं. आणि भगरीचं सुट्टं पीठ दुकानातून अजिबात आणायचं नाही, नवरात्रात त्यानं विषबाधा झाल्याच्या बातम्या येतातच, भगर आण, निवड, धू, वाळव आणि घरीच दळ. फुलोऱ्याच्या कडाकण्या वहिनीला लाटू दे. तिच्या जाड होतात हे मलाही माहितीय, होऊ दे. तू फक्त जोगव्याची पाच घरं कर, तीही जवळची.

खरं सांगू का बाबा, मला जायचंच होतं. लहानपणी हट्टानं तुमच्यामागं आले होते, काक्रंब्याच्या पुढं रडायला लागले तर तुम्ही रस्त्याच्या कडेला बसून माझेच पाय दाबत बसलात, स्वतःच्या टाचेतून रक्त येत होतं तरी. येताना एसटी उजनीला थांबली, तुम्ही एक वाटी बासुंदी घेतली आणि मला गोड नको म्हणलात. तेव्हा कुठं शुगर होती तुम्हाला! मला आपली खरंच वाटली ती गोष्ट.

तुमची कवड्यांची माळ तेवढी मला द्या, घालून जाईन म्हणते. पाठवू नका, दसऱ्याला सोनं द्यायला येतेच आहे तेव्हा नेईन. तोवर रोज रात्री दोन्ही तळपायांचे फोटो व्हॉट्सॲपवर, लाईट लावून, नीट जवळून. आई, तू काढायचे, बाबा एकाच पायाचा दोनदा पाठवतात.

तुमची,
ताई