ट्रॅकची स्कॉलरशिप म्हणजे सगळं फुकट नाही हो!

संपादक साहेब, नमस्कार.

मध्यंतरी तुमच्या पेपरात 'पळा आणि अमेरिकेत फुकट शिका' छापाचा मजकूर आला आणि आमच्या ग्राउंडवरचे निम्मे पालक तेव्हापासून हवेत आहेत. आपला उंच उडीवाला तेजस्विन शंकर अमेरिकेत कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीला गेला, 2018 आणि 2022 ला तिथली कॉलेजची हाय जंप चॅम्पियनशिप मारली, सगळं खरं. पण बाकीच्यांचं गणित कुणी सांगत नाही, म्हणून लिहितोय.

परवापर्यंत डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे तिथल्या कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटात, मुलांच्या ट्रॅक टीमला (पळणं, उड्या, फेकी सगळं त्यात) मिळून 12.6 फुल स्कॉलरशिपएवढाच कोटा असायचा, मुलींना 18, आणि क्रॉस कंट्रीवाले (मोकळ्या रानातून लांब पळणारे) पण त्यातच. पॉइंट सहा ऐकून हसू येतं, पण कोच त्याचे तुकडेच करायचा, कुणाला निम्मी फी, कुणाला नुसता पुस्तकांचा खर्च, कुणाला शून्य. जून 2025 मध्ये कोर्टाने हाऊस केसची (कॉलेज खेळाडूंनी पैशांसाठी तिथल्या कॉलेज खेळांच्या संघटनेवर लावलेल्या दाव्याची) सेटलमेंट मंजूर केली आणि जी कॉलेजं त्यात आली तिथे स्कॉलरशिपची मर्यादा जाऊन टीममध्ये डोकी किती याची मर्यादा आली, ट्रॅकला मुलं 45, मुली 45. पोरांना तिकडे पाठवणारे एजंट लगेच सांगायला लागले की आता 45 च्या 45 जणांना फुल देता येते. देता येते हो, द्यायलाच पाहिजे असं कुठे आहे? त्याच सेटलमेंटमुळे कॉलेज पहिल्या वर्षी साधारण 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत खेळाडूंना थेट वाटू शकतं, पण त्यातला मोठा वाटा अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉलकडेच, कारण तिकिटं आणि टीव्हीचा पैसा त्यांचा. आणि स्टुडंट व्हिसावरच्या पोराला कमाईवर बंधनं असतात ते वेगळंच.

मग ट्रॅक ठेवतात कशाला? तर क्रॉस कंट्री, इनडोअर, आउटडोअर हे तीन वेगळे खेळ धरतात, मुलंमुली मिळून सहा, मोठ्या फुटबॉलवाल्या कॉलेजला किमान 16 खेळ दाखवावे लागतात, म्हणजे एकाच कोचिंग स्टाफमध्ये सहा खेळ उरकतात. (हिशेबात आपल्या संस्थाचालकांपेक्षा कमी नाहीत.) तरी भरवसा नाहीच, वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीने 2025 मध्ये थ्रो आणि जंप बंद करून लांब पल्ल्यावर भर द्यायचं ठरवलं. तिथे भालाफेकीसाठी गेलेल्या पोराने काय करायचं?

मग कॉलेज तपासायचं कसं? अमेरिकेच्या शिक्षण खात्याची साइट आहे, फुकट, कॉलेजचं नाव टाकलं की ट्रॅकला खेळाडू किती, कोच किती, त्यातले फुलटाइम किती, खर्च किती, सगळं दिसतं. खर्च आणि उत्पन्न पुष्कळदा सेम दिसेल, त्याला भुलू नका, कॉलेजने खिशातून भरलेली तूटच उत्पन्नात धरलेली असते. नंतर कॉलेजच्या साइटवर टीमचा रोस्टर, म्हणजे खेळाडूंची यादी, उघडा. तुमच्या पोरीच्या ट्रिपल जंपला फर्स्ट इयरच्या तिघी आधीच बसल्यात का, जंपचा वेगळा कोच आहे का एकच माणूस सगळं बघतो, हे दहा मिनिटात कळतं.

इथल्या एका एजंटला मी विचारलं, स्कॉलरशिप किती टक्के? म्हणे, ते कोच ठरवतो, तुम्ही आधी रजिस्ट्रेशन फी भरा! पुढच्या वेळी असला मजकूर छापाल तेव्हा सोबत एवढं तरी छापा की रक्कम किती आणि किती वर्षांसाठी हे कॉलेजकडून लेखी आल्याशिवाय फी भरू नका, व्हॉट्सअॅपवरचं 'कन्फर्म आहे सर' चालत नाही.

— एक पालक, नाशिक