वाटपाआधी टेप काढा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

३ डिसेंबरचा दिव्यांग दिन जवळ आला की गावोगावी व्हीलचेअर वाटपाची शिबिरे होतात. मंडपात खुर्च्यांची रांग लागते आणि बहुतेक ठिकाणी त्या सगळ्या एकाच मापाच्या असतात: १८ इंची रेक्झिनची बैठक, घडी होणारी लोखंडी चौकट, मागे २४ इंची चाके, पुढे ८ इंची भरीव रबरी चाके. दहा वर्षांची मुलगी, अर्धांगवायू झालेले आजोबा आणि मणक्याला मार लागलेला तिशीतला तरुण, तिघांच्या वाट्याला तीच खुर्ची येते. देणाऱ्यांच्या भावनेबद्दल शंका नाही. पण मापात न बसणारी खुर्ची नुसती गैरसोयीची नसते. ती कंबर वाकडी करते, खांदे निकामी करते, बेडसोर (सततच्या दाबाने होणाऱ्या जखमा) देते. हे टाळायला लागते ती शिंप्याची टेप, नट-बोल्ट कसायचे दोन पाने आणि माणशी तासाभराचा वेळ.

माप घेताना माणसाला कडक बाकावर, पाठ सरळ ठेवून, पाय जमिनीला टेकवून बसवावे. पलंगावर घेतलेले माप चुकते. नितंबांच्या दोन्ही बाजूंना एकेक जाड पुस्तक उभे धरावे, हलके दाबावे आणि पुस्तकांमधले अंतर मोजावे. तीच बैठकीची रुंदी. फार तर त्यात एक इंच वाढवावा, अधिक नाही. मुलांसाठी शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घेतो तशी खुर्ची घेण्याची पद्धत सर्रास दिसते. पण सैल गणवेशाने पाठ वाकत नाही, सैल खुर्चीने वाकते. मूल एका हातटेक्यावर रेलते, कण्याला बाक येतो आणि वाढत्या वयात तो पक्का होतो. शिवाय रुंद खुर्चीत चाकापर्यंत हात पोचवायला दंड बाहेर फाकवावे लागतात आणि खांदा लवकर दुखू लागतो.

रुंदीचा दुसरा हिशेब घराच्या दारांचा. या साध्या खुर्च्यांत एकूण रुंदी बैठकीपेक्षा साधारण ८ इंच जास्त असते. १८ इंची खुर्ची म्हणजे दारात २६ इंच. दार अडीच फुटी असले तरी उघड्या फळीची जाडी वजा जाता २८ इंचच उरतात; हाताच्या पेरांना दोन्हीकडे जेमतेम इंचभर जागा. न्हाणीघराचे दार दोन फुटी असेल तर १६ इंची खुर्चीही आत जाणार नाही. तेव्हा खुर्ची ठरवण्याआधी दारे मोजावीत.

बैठकीची खोली, म्हणजे तिचे पुढून मागपर्यंतचे माप: पाठीमागच्या टोकापासून गुडघ्याच्या मागच्या खोबणीपर्यंतचे अंतर, उणे दोन-तीन बोटे (३ ते ६ सेंटिमीटर). पोलिओत किंवा खुब्याच्या दुखण्यात दोन्ही पायांची मापे वेगळी येतात. आखूड पायाचे धरावे. बैठक जास्त खोल असेल तर तिची कड पोटऱ्यांत रुतते, माणूस पुढे घसरतो आणि माकडहाडावर बसतो. कमरेमागे उशी खोचून हे सुटत नाही. पाठीच्या पूर्ण उंचीचा घट्ट फोम मागे लावावा. पण त्याने माणूस पुढे सरकतो, मोठे चाक तेवढे मागे पडते आणि ढकलणे जड होते. म्हणून खोली बरोबर असलेली खुर्चीच मागावी.

आता गादी. शिबिरात ती बहुधा मिळतच नाही आणि घरचे लोक नंतर मिळेल ती उशी ठेवतात. रेक्झिनची बैठक काही महिन्यांत झोळीसारखी होते. मांड्या आत वळतात, कंबर एका बाजूला कलते. त्यावर नुसती मऊ गादी ठेवली तर तीही तशीच वाकते. गादीखाली ९ ते १२ मिलिमीटर प्लायवूडची फळी बैठकीच्या नळ्यांवर टेकेल अशी कापून वेल्क्रोने बसवावी. घडी घालताना ती काढता येते. वर दोन इंच जास्त घनतेचा घट्ट फोम आणि त्यावर इंचभर मऊ. घट्ट थरात बैठकीच्या दोन हाडांखाली (नितंबांतली, बसताना टेकतात ती) इंचभर खोल खळगा कोरावा. त्याचा पुढचा काठ मांड्यांना आधार देतो आणि पुढे घसरणेही थांबवतो. खोळ ताणणाऱ्या कापडाची असावी. ताठ रेक्झिनची खोळ केली की खळगा झाकला जातो आणि सगळी मेहनत वाया जाते. लघवीवर ताबा नसेल तर खोळीच्या आत पातळ प्लास्टिक सैलसर गुंडाळावे. हवेची गोल रिंग मात्र वापरू नये. तिच्या कडेने भोवतालचा रक्तपुरवठा दबतो आणि मधल्या त्वचेला तो हवा असतो.

गादी पुरेशी आहे का, हे बोटांनी कळते. अंगठी काढून, तळवा वर करून हात गादी आणि बैठकीच्या हाडामध्ये सरकवावा. बोटांची टोके अर्धा सेंटिमीटर वरखाली हलली तर ठीक. हलत नाहीत पण हात सहज निघतो, तर सावध व्हावे. बोटे चिमटली आणि हात ओढून काढावा लागला, तर त्या गादीवर त्या माणसाला बसवू नये. दोन्ही बाजू तपासाव्यात, कारण कंबर कललेली असली की एकाच हाडावर भार येतो. फोम दबून चपटा होतोच. दर सहा महिन्यांनी हीच चाचणी पुन्हा करावी.

फुटरेस्ट गादी ठेवल्यावरच लावायचे. ही चूक फार होते: आधी पायपट्टी लावली, नंतर तीन इंची गादी ठेवली, की पाय लोंबकळतात, मांडीची गुडघ्याकडची बाजू दाबली जाते, पावले खाली वाकतात आणि पट्टीवरून घसरून पुढच्या चाकात अडकतात. उलट पट्टी फार वर असेल तर गुडघे वर येतात, मांड्या गादीवरून उचलल्या जातात आणि सगळा भार दोन हाडांवर पडतो. बेडसोरची सुरुवात इथून होते. तपासायला तळहात मांडीखाली, गुडघ्याच्या मागून सरकवावा. मांडी सर्वत्र सारखी टेकलेली लागली पाहिजे. बोल्ट सैल करून नळी वरखाली करावी आणि पट्टीखाली जमिनीपासून किमान दोन इंच मोकळे ठेवावेत, नाहीतर पहिल्याच उंबरठ्याला धडक बसेल. गादीने उंची वाढली की हातटेकेही खाली पडतात. कोपर काटकोनात टेकेल इतके ते वर घ्यावेत किंवा त्यांवर फोम चढवावा.

स्वतः चाक ढकलणाऱ्याच्या खुर्चीची पाठ त्याच्या खांद्याच्या पात्याच्या खालच्या टोकाच्या जरा खाली संपावी, म्हणजे पाते मोकळे हलते. धड सावरत नसेल तर उंच पाठ लागते. पट्टा पोटावर बांधू नये, तो कमरेच्या हाडांवर, बैठकीशी ४५ अंशांचा कोन करून यावा.

मोठ्या चाकाची जागा तर जवळपास कोणी पाहतच नाही. हात सरळ खाली सोडला की मधल्या बोटाचे टोक चाकाच्या अक्षाला लागावे, आणि खांद्यापासून सोडलेला ओळंबा त्याच अक्षावरून जावा. हात चाकाबाहेरच्या, हाताने ढकलायच्या कडीच्या वरच्या बिंदूवर ठेवला असता कोपराचा कोन १०० ते १२० अंश हवा. स्वस्त खुर्च्यांत अक्ष पाठीच्या नळीलाच कायमचा बसवलेला असतो. दुसऱ्याने ढकलायला ते चालते, रोज स्वतः ढकलणाऱ्याचे खांदे त्यात झिजतात. भोके असलेली पट्टी असेल तर अक्ष अर्ध्या-अर्ध्या इंचाने पुढे न्यावा. अक्ष पुढे गेला की खुर्ची हलकी चालते, पण मागे उलटण्याचा धोकाही वाढतो. त्यामुळे प्रत्येक बदलानंतर मागे माणूस उभा ठेवून तपासावे, आणि मागे उलटू न देणारी लहान चाके लावावीत. दोन्ही पाय मांडीतून कापलेल्यांचे गणित उलटे असते: पुढचे वजन गेल्यामुळे खुर्ची आपोआप मागे झुकते, म्हणून त्यांचा अक्ष मागे घ्यावा लागतो.

अक्ष हलवला की तिथेच थांबता येत नाही. पुढच्या छोट्या चाकाचा उभा दांडा जमिनीशी काटकोनात आहे का ते सुताराच्या गुण्याने पाहावे; कलला असेल तर चाक थरथरते आणि खुर्ची एका बाजूला ओढते. मोठ्या चाकांमधले अंतर अक्षाच्या उंचीवर पुढून आणि मागून मोजावे, दोन्ही सारखे यायला हवे. थोडा फरकही प्रत्येक ढकलीत दमवतो. ब्रेक सर्वांत शेवटी, तोही टायरमध्ये पूर्ण हवा भरल्यावर. ब्रेक लावून मागून ढकलले असता चाक घसरले तर ठीक, फिरले तर ब्रेक टायरच्या जवळ सरकवून पुन्हा कसावा.

अर्धांगवायू झालेल्यांची गरज वेगळी. ते एका हाताने आणि एका पायाने खुर्ची चालवतात. त्या चालत्या पायाच्या बाजूचे फुटरेस्ट काढून टाकावे, आणि गादीसकट बैठकीची उंची गुडघ्यापासून टाचेपर्यंतच्या अंतराएवढी ठेवावी. टाच जमिनीला पूर्ण टेकली नाही तर ते प्रत्येक पावलाला पुढे घसरतात. ठेंगण्या माणसाला नेहमीची खुर्ची इथे हमखास उंच पडते.

टायर बदलताना बाजूवर छापलेला आकडा वाचावा. बऱ्याच खुर्च्यांना ३७-५४० हा टायर लागतो (दुसरा आकडा रिमच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये). मुलांच्या सायकलचा ‘२४ इंची’ टायर बहुधा ५०७ असतो आणि तो या रिमवर बसत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेत खुर्ची देण्याच्या चार पायऱ्या आहेत: निवड, बसवणी, प्रशिक्षण, पाठपुरावा. आपल्याकडे वाटपाच्या दिवशी निवडही धड होत नाही. दिव्यांगांना साहाय्यक साधने देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत तपासणीचे शिबिर वाटपाच्या आधी होतेच. तिथेच रुंदी, खोली, पोटरीची लांबी आणि पाठीची उंची लिहून घ्यावी आणि त्या यादीनुसार खुर्च्या मागवाव्यात. ग्रामपंचायती, नगरपालिका आणि जिल्हा परिषदा दिव्यांगांसाठीच्या ५ टक्के निधीतून खरेदी करतात, तेव्हा निविदेत १२, १४, १६ आणि १८ इंची बैठका, सरकवता येणारा अक्ष, निघणारे हातटेके आणि गादी एकत्र मागावी. गादीला ‘अतिरिक्त’ समजून वगळू नये. वाटपाच्या दिवशी फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि पाने चालवणारा एक कारागीर हजर असावा. जिल्हा रुग्णालयाशी आधी बोलले तर हे जमण्यासारखे आहे.

ज्यांच्या घरी खुर्ची आधीच आली आहे, त्यांनी पहिला महिना रोज रात्री बैठकीची हाडे, माकडहाड आणि टाचा पाहाव्यात. सावळ्या त्वचेवर लाली नीट दिसत नाही; जागा आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा अधिक काळपट लागते का, हे हाताने पाहावे. तसे आढळले तर ती जागा पूर्ववत होईपर्यंत तिच्यावर बसू नये, आणि गादी व फुटरेस्ट पुन्हा तपासावेत. एरवीही दर अर्ध्या तासाने पुढे वाकून, कोपरे गुडघ्यांवर टेकवून एक-दोन मिनिटे राहावे. हातांवर अंग क्षणभर उचलण्याने तेवढा आराम मिळत नाही, आणि खांदे मात्र दुखावतात.

आपले,
पुनर्वसन क्षेत्रात काम करणारे काही फिजिओथेरपिस्ट व ऑक्युपेशनल थेरपिस्ट