चि. अभिस, 31 मार्चच्या आधी

सांगली, 24 मार्च

चि. अभि,

अनेक आशीर्वाद.

पुरणपोळीचा डबा ओट्यावरच राहिला, झाकण मात्र तू घेऊन गेलास. बस साडेनऊची होती आणि तू सहालाच निघालास. बाबा अजून मला म्हणतात, पोळी तरी संपू द्यायची होतीस त्याची. खरंय. ताटावर विषय वाढवायला नको होता. पण तूच तो इतक्या सहज काढलास की माझा घासच अडकला.

फोनवर बोललो तर पुन्हा तेच होईल, म्हणून लिहिते. उपदेश करायचा नाही, असं ठरवून बसले आहे. एकच विचारायचं आहे. न झालेल्या विक्रीची, 31 मार्चच्या तारखेची ती 27 बिलं कुणाच्या युजर आयडीने पडणार आहेत?

तू म्हणालास, माल गोदामात तयार आहे, डीलर जुने आहेत, एप्रिलमध्ये ते उचलणारच आहेत, फक्त तारीख आठ-दहा दिवस अलीकडे घ्यायची. याला फ्रॉड नाही, टायमिंग म्हणतात. अरे, वर्षाचा हिशेब म्हणजे दुसरं काय असतं? 31 मार्चच्या रात्री मालावर ताबा कुणाचा होता, एवढाच तर प्रश्न असतो. माल आपल्याकडे ठेवूनही विक्री धरता येते, इंड एएस 115 या हिशेबाच्या मानकात तशी सोय आहे, पण तिला चार अटी आहेत. माल थांबवण्याला खरं कारण हवं, जसं ग्राहकाने स्वतः तसं मागितलेलं असणं. तो माल त्याच्या नावाने वेगळा काढलेला हवा. केव्हाही रवाना करता येईल असा तयार हवा. आणि तो दुसऱ्या कुणाला देण्याची मुभा आपल्याला नको. तुमच्याकडे यातली तिसरी एकच बसते. डीलरने मागितलेलं नाही, त्यांना बिलाचा पत्ताही नाही, आणि आठवड्यात न उचललेल्यांना क्रेडिट नोट द्यायची, म्हणजे बिल उलटवायचं, हे तुझ्या साहेबांनी आधीच ठरवून ठेवलंय. मग ती विक्री कुठली?

आणि ही लपेल असं कोणाला वाटतं, हेच मला कळत नाही. बिल 31 मार्चचं. त्याचा आयआरएन, म्हणजे ई-बिलाचा नोंदणी क्रमांक, सरकारी पोर्टलवरून त्या तारखेचाच निघणार, तो फक्त 24 तासांत रद्द करता येतो, त्यानंतर क्रेडिट नोटच. माल वाहतुकीचं ई-वे बिल मात्र गाडी हलेल तेव्हाचं, 8-9 एप्रिलचं. गेटचं आउटवर्ड रजिस्टर आणि ट्रान्सपोर्टची बिल्टी त्याच तारखेची. ऑडिटरकडचा नवशिका आर्टिकल, म्हणजे शिकाऊ पोरगासुद्धा कट-ऑफ, म्हणजे विक्री योग्य वर्षात पडली का, हे तपासायला शेवटची वीस आणि एप्रिलची पहिली वीस बिलं काढतो, शेजारी गेट रजिस्टर ठेवतो आणि एप्रिलच्या क्रेडिट नोटा मागतो. सकाळच्या चहाआधी होणारं काम आहे ते.

त्यात बिलांची बेरीज 4 कोटी 12 लाख. 18 टक्क्यांनी त्यावर 74 लाख 16 हजार जीएसटी बसतो. न झालेल्या विक्रीवर खरा कर. शिवाय मार्चअखेरचं स्टॉक स्टेटमेंट बँकेला जाईल तेव्हा तो माल गोदामात दिसतोय म्हणून साठ्यात धरला जाणार आणि बिल फाडलंय म्हणून येण्यांतही. एकाच मालावर दोनदा ड्रॉइंग पॉवर, म्हणजे कर्ज उचलायची मर्यादा. तिथे प्रकरण बँकेच्या फसवणुकीत जातं. साहेबांनी हे तुला सांगितलं होतं का?

बघ, लागलेच मी शिकवायला. तू सीए आहेस, पहिल्या प्रयत्नात दोन्ही ग्रुप काढलेस, तुला इंड एएस मी काय सांगणार! कुपवाडच्या काकांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना तेव्हा पेढे गेले होते, बाबांनी तर एसटीच्या कंडक्टरलाही दिला. तुला नियम माहीत नाहीत ही माझी भीती नाहीच. नियम माहीत असलेल्या माणसाच्या हातूनच अशी एन्ट्री नीट पडते, म्हणून तुला सांगितलंय, ही आहे.

तू राहतोस त्याच हैदराबादमधल्या सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचं उदाहरण ताटावर काढलं म्हणून चिडलास. म्हणालास, कुठे ते हजारो कोटी आणि कुठे आमची 27 बिलं. आकडे मोठे होते हे कबूल. 7 जानेवारी 2009 च्या पत्रात तिचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी स्वतः लिहून दिलं की रोख आणि बँक शिल्लक म्हणून दाखवलेल्या 5,361 कोटींपैकी 5,040 कोटी अस्तित्वातच नाहीत. पण त्याच पत्रातलं पुढचं वाच. सप्टेंबरच्या तिमाहीत विक्री दाखवली 2,700 कोटी, खरी 2,112. नफ्याचं प्रमाण दाखवलं 24 टक्के, खरं 3. आणि सुरुवात कशी झाली? खऱ्या आणि दाखवलेल्या नफ्यातल्या लहानशा फरकाने, तो वर्षागणिक वाढत गेला, असं त्यांनीच म्हटलंय.

तो वाढतो का, हे तुला ताळेबंदातून दिसायला हवं. खोटं बिल फाडलं की नावे टाकायला डीलरचं खातं लागतं. ते येणं 90 दिवसांत जुनं दिसायला लागतं, 180 दिवसांत ते बुडेल म्हणून त्यावर तरतूद मागितली जाते. मग एक तर ते क्रेडिट नोटने मारायचं, म्हणजे पुढच्या तिमाहीला खड्डा आणि तो भरायला आणखी मोठी बिलं. नाहीतर वसूल झालं असं दाखवायचं, म्हणजे खोटी बँक शिल्लक. सत्यमने दुसरी वाट धरली. खोटी बिलं साडेसात हजारांच्या वर गेली, बिलांच्या सिस्टीममध्ये त्यांना वेगळी खूण होती, म्हणजे प्रोजेक्टवाल्यांच्या पडद्यावर ती उमटायचीच नाहीत. त्यांची वसुली खोट्या बँक शिल्लकेत, ती खोट्या मुदत ठेवीत, आणि ठेव म्हटली की व्याज आलं, म्हणून 376 कोटींचं खोटं येणं व्याजही. बँकेला पत्र पाठवून शिल्लक पडताळणं हे ऑडिटमधलं अगदी प्राथमिक काम. पत्र ऑडिटरने स्वतः टाकायचं आणि उत्तर थेट त्याच्या पत्त्यावर यायला हवं. इथे पत्रं कंपनीच्या हातून गेली आणि कंपनीच्याच हातून परत आली. आणि 2008 मध्ये याच कंपनीला चांगल्या कारभाराचा, कॉर्पोरेट गव्हर्नन्सचा, गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळाला होता!

पण मी सत्यम काढलं ते या आकड्यांसाठी नाही. 9 एप्रिल 2015 ला हैदराबादच्या विशेष न्यायालयाने 10 जणांना दोषी धरलं. राजू, त्यांचे भाऊ, सीएफओ म्हणजे वित्तप्रमुख, ऑडिट फर्म प्राइस वॉटरहाउसचे दोन भागीदार, अंतर्गत लेखापरीक्षणाचे प्रमुख. आणि त्याच यादीत फायनान्सचा एक असिस्टंट मॅनेजर. तुझ्या व्हिजिटिंग कार्डवर काय छापलंय, अभि? त्यालाही सात वर्षांचीच शिक्षा सुनावली. पुढच्याच महिन्यात अपिलात शिक्षांना स्थगिती आणि जामीन मिळाला, हेही खरं. ऑडिट फर्मवर सेबीने 2018 मध्ये घातलेली दोन वर्षांची बंदी 2019 मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने उठवली. मोठ्यांकडे वकिलांची फौज असते, वर्षं जातात, आदेश फिरतात. असिस्टंट मॅनेजर मात्र त्या वर्षांत घरी काय सांगतो, याचा मी विचार करत बसते. मृणालला तू काय सांगशील? तिला आता सातवा लागेल.

नको होतं ना हे लिहायला. खोडणार होते, पण राहू दे.

अमेरिकेतल्या वर्ल्डकॉम या टेलिफोन कंपनीचं सांगते आणि थांबते. तिथे बेटी व्हिन्सन नावाची मधल्या फळीतली अकाउंटंट होती. ऑक्टोबर 2000 मध्ये वरून सांगण्यात आलं की राखीव तरतुदींतून 82.8 कोटी डॉलर काढून खर्च कमी दाखव. तिला पटलं नाही, राजीनाम्याचा मसुदासुद्धा तयार केला. एवढ्या वेळेपुरतंच, असं सीएफओने समजावलं. राजीनामा दिला गेलाच नाही. पुढच्या तिमाहीत पुन्हा, मग राखीव संपली म्हणून चालू खर्च मालमत्तेत ढकलायचा, अशा सहा तिमाही. सीईओ बर्नी एबर्स कोर्टात म्हणाले, मला अकाउंटिंग कळत नाही. ज्युरीने ते मानलं नाही, 25 वर्षांची शिक्षा झाली. पण व्हिन्सनलाही पाच महिने तुरुंग आणि पाच महिने घरात नजरकैद झालीच, एबर्सविरुद्ध साक्ष देऊनही. एक डॉलर चोरल्याचा आरोपही तिच्यावर नव्हता. आपल्याकडेही कंपनी कायद्याच्या 447 व्या कलमात स्पष्ट आहे, फसवण्याच्या हेतूने केलेलं कृत्य किंवा लपवाछपवी पुरेशी आहे, फायदा-तोटा झाला की नाही हे बघायचं कारण नाही. सहा महिने ते दहा वर्षं, आणि जनहित गुंतलेलं असेल तर किमान तीन. शिवाय त्या कलमाखाली जामीन सहज होत नाही.

म्हणून विचारते, आयडी कुणाचा? 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग, म्हणजे कुणी काय केव्हा बदललं याची नोंद, सक्तीचा आहे आणि तो बंद करता येता कामा नये. एप्रिलमध्ये एन्ट्री उलटवाल, लॉगमधलं तुझं नाव, तारीख, वेळ उलटत नाही. आठ वर्षं तिथेच राहणार.

काय करायचं ते लिहिते, पटेल तेवढं घे. पासवर्ड, ओटीपी, डिजिटल सहीचं टोकन कुणाच्या टेबलावर ठेवू नकोस, अर्ध्या तासासाठीही नाही. आज-उद्यात साहेबांना ऑफिसच्या मेलवरून दोन ओळी लिही. भाषा भांडणाची नको, कारकुनी हवी. "आपल्या आजच्या सांगण्यानुसार 27 बिलं 31 तारखेला घ्यायची आहेत. त्यासाठी डीलरची ऑर्डर, माल थांबवण्याची त्यांची लेखी विनंती आणि माल वेगळा काढल्याची गोदामाची नोंद मिळावी, म्हणजे बिलं करता येतील." बहुतेक वेळा अशा मेलला उत्तर येत नाही आणि विषय आपोआप मागे पडतो, कारण उत्तर कुणालाच लेखी द्यायचं नसतं. आलंच, आणि त्यात "तरीही करा" असं असलं, तर व्हाउचर पार्क करून, म्हणजे कच्चंच ठेव, पोस्ट करून हिशेबात पक्कं करू नकोस. ज्यांना हवंय त्यांनी आपल्या आयडीने पोस्ट करावं.

मग एप्रिलमध्ये सब-सर्टिफिकेट येईल, ते विसरू नकोस. सीईओ आणि सीएफओ आकडे बरोबर असल्याचा दाखला बोर्डापुढे ठेवतात, पण तो देण्याआधी खालच्या प्रत्येकाकडून तसलाच कागद घेतात. छापील मजकूर असतो, "माझ्या माहितीप्रमाणे सर्व नोंदी खऱ्या आहेत." लोक कुरिअरच्या पावतीसारखी त्यावर सही करतात. दाखला वरच्यांना जबाबदार धरायला आला आणि तिथेच तो खाली सरकवायची सोय झाली, हे माझं मत. तू अपवाद म्हणून त्या बिलांचा उल्लेख कर, नाहीतर सही करू नकोस.

तुमची कंपनी लिस्टेड आहे, म्हणजे व्हिजिल मेकॅनिझम, गैरप्रकाराची तक्रार करायची व्यवस्था, असणारच, आणि गरज पडली तर ऑडिट कमिटीच्या अध्यक्षांकडे थेट जायची वाट त्यात ठेवावी लागते. ते धोरण उघडून एकदा वाच. कागद मात्र घरच्या मेलवर पाठवू नकोस, फोटोही नकोत, उलट तुझ्यावरच डेटा चोरल्याचं येईल. रोजची तारीख, वेळ, कोण काय म्हणालं, हे आपल्या वहीत लिही. आणि तक्रार करायची वेळ आलीच, तर आधी वकिलाला भेट. पैसे मी देते.

तक्रार करणाऱ्याला त्रास देऊ नये असं कायदा म्हणतो, पण खाजगी नोकरीत ते संरक्षण कागदावर जितकं दिसतं तितकं हाताला लागत नाही. बदली होईल, रेटिंग जाईल, बोनस अडेल. फ्लॅटचा हप्ता 58 हजार आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच त्या दिवशी "राजीनामा दे" म्हणाले ते चुकलं माझं. राजीनाम्याने पडलेली एन्ट्री पुसत नाही, आणि न पडलेल्या एन्ट्रीसाठी तो द्यायची गरजही नसते.

काल माळा आवरताना आजोबांच्या दुकानाचा रोजमेळ सापडला. एका पानावर शिलकेत दोन रुपये जास्त आलेत आणि शेजारी तुझ्या अक्षरात लाल पेनने "सापडत नाही" असं लिहिलंय. दुसरीत होतास. आजोबांनी ते खोडलं नव्हतं, खाली सही केली होती. वही बाबांनी टेबलावर ठेवलीय, आल्यागेल्याला दाखवतात.

मृणालला सांग, डिंकाचे लाडू शनिवारी कुरिअर करते. तिने खावेत, तू दोनच खा.

तुझी,
आई

ता. क. झाकण परत पाठवायची घाई नाही, डब्यावर ताटली ठेवलीय. 31 ला रात्री मी जागीच असेन, बाबा झोपले तरी. कितीही वाजता फोन कर. बिलांचं काही विचारणार नाही, तूच सांगितलंस तर ऐकेन.